मशीन येऊन राहिली, आता काय?

मागच्या अंकात म्हटलं होतं की ऑटोमेशन आणि नोकरी यावर प्रश्न पाठवा, तर मेल आणि व्हॉट्सॲप दोन्ही भरून गेलं बाप्पा. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून सारखे सारखे प्रश्न एकत्र केले. नावं आणि कंपन्यांची नावं काढून टाकली, कारण बऱ्याच जणांनी तशी विनंती केली होती आणि ते बरोबरच आहे, उद्या एचआरच्या हातात अंक पडला म्हणजे झालं. माझी निम्मी हयात युनियनच्या ऑफिसात आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात गेली, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लपवत नाही, वाचताना तेवढं धरून चला.

प्रश्न : भाऊ, मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनच्या कंपनीत सीओटू वेल्डर आहे, परमनंट, 12 वर्षं झाली. आमच्या शॉपमध्ये दोन वेल्डिंग रोबोट येऊन राहिले असं स्टोअरवाल्याकडून कळलं, फाउंडेशनचं काम पण सुरू झालं. साहेब लोक म्हणतात कोणालाच काढणार नाही, निश्चिंत राहा. युनियनवाले म्हणतात येऊ तर दे, मग पाहू. मी काय करू? आणि काढलंच तर किती पैसे मिळतात?

उत्तर : हे जे तुमचे युनियनवाले "येऊ तर दे, मग पाहू" म्हणून राहिले ना, तिथेच सगळा घोळ आहे. एकदा मशीन फाउंडेशनवर बसली, बोल्ट आवळले, नारळ फुटला आणि फोटो निघाला की नंतर जी बोलणी होतात ती फक्त हिशोबाची, कोणाला किती देऊन घरी पाठवायचं एवढीच. त्याच्या आधी टेबलावर बसलं तर कोणाला कुठे लावायचं हे बोलता येतं. फाउंडेशन सुरू आहे म्हणजे अजून थोडा वेळ आहे तुमच्याकडे, फार नाही.

कायद्यातही ही वेळ दिलेली आहे. जुन्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 9-अ होतं, आता 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली त्यात तेच कलम 40 म्हणून आलं. प्लांटमध्ये किंवा कामाच्या पद्धतीत अशी सुधारणा होणार असेल की ज्यामुळे कामगार कपात होण्याची शक्यता आहे, तर मालकाने 21 दिवस आधी नोटीस द्यायची. आता मेख कुठे आहे तर "शक्यता" या शब्दात. मॅनेजमेंट म्हणते कपात होणारच नाही, मग नोटीस कशाची? आणि तोंडाने तुम्हाला तेच सांगून राहिले, निश्चिंत राहा. तर हेच वाक्य पकडा. युनियनच्या लेटरहेडवर साधं पत्र द्या की आपण सांगितल्याप्रमाणे रोबोटमुळे एकाही कामगाराची कपात होणार नाही हे करारात लिहून द्यावं, आणि ते शक्य नसेल तर कलम 40 ची नोटीस द्यावी. दोन्हीपैकी एक काहीतरी त्यांना करावंच लागतं. गप्प राहिले तर त्या पत्राची पोच घेऊन ठेवा, पुढे अपर कामगार आयुक्तांकडे समेट अधिकाऱ्यासमोर बसायची वेळ आली की तोच कागद कामी येतो. पोच मात्र शिक्क्यानिशी पाहिजे, व्हॉट्सॲपच्या निळ्या टिकावर राहू नका.

आता रोबोटचं बोलू. त्याला आपल्या आपण काही येत नाही, त्याला शिकवावं लागतं, आणि शिकवायचं ते टीच पेंडंट नावाचं रिमोटसारखं डबडं हातात धरून. टॉर्च जॉइंटपासून किती लांब, कोणत्या अँगलला, कुठे थोडं हळू, कुठे कोपऱ्यात वळायचं, हे एकेक पॉइंट देऊन त्याच्या डोक्यात बसवतात. आणि हे कोणाला चांगलं जमतं? ज्याने बारा वर्षं वितळलेलं लोखंड काचेतून पाहिलं त्याला. नुसता डिप्लोमा झालेला पोरगा पॉइंट बरोबर देतो, पण बेंडिंगमधून आलेल्या पार्टमध्ये दोन मिलीमीटरची फट असली की आर्क आरपार जातो आणि भोक पडतं, हाताने करणारा वेल्डर तिथे आपोआप हात हलवतो, रोबोट हलवत नाही. म्हणून रोबोट आल्यावर फिक्स्चर (पार्ट पकडून ठेवणारा साचा), टॅक (आधी मारलेले छोटे टाके) आणि फट तपासायचं काम वाढतं, आणि रिवर्क तर हातानेच होतं. तुमची मागणी "रोबोट नको" अशी ठेवू नका. ती अशी ठेवा की पेंडंटचं ट्रेनिंग शॉपमधल्या परमनंट वेल्डरलाच मिळालं पाहिजे, मशीन सप्लायरकडून, ड्युटीच्या वेळात, आणि त्याची वेगळी ग्रेड पाहिजे. ज्याच्या हातात पेंडंट त्याला काढणं अवघड असतं, हे मी एकापेक्षा जास्त शॉपमध्ये पाहिलंय. जिथे ट्रेनिंग बाहेरून आणलेल्या ट्रेनी पोरांना दिलं गेलं तिथे जुने वेल्डर आधी ग्राइंडिंगला गेले, मग हाउसकीपिंगला, मग स्वतःच कंटाळून गेले, कपात दाखवायची गरजच पडली नाही.

पैशाचं सांगतो. कपात केली तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, अधिक प्रत्येक पूर्ण वर्षाला 15 दिवसांचा सरासरी पगार. 12 वर्षं म्हणजे 180 दिवस, साधारण सहा महिन्यांचा पगार. तुमचं बेसिक अधिक डीए 24,000 धरलं तर 1,44,000. ग्रॅच्युइटी वेगळी, ती 26 ने भागून काढतात, 24,000 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 12, झाले जवळपास 1,66,000. आणि नवीन संहितेत एक पुनर्कौशल्य निधी आहे, मालकाने कपात केलेल्या प्रत्येक कामगारामागे 15 दिवसांचा पगार त्यात भरायचा आणि तो 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात यायचा. म्हणजे आणखी 12,000. बारा हजारात कोणतं नवीन कौशल्य शिकायचं ते सरकारच जाणे, पण हक्काचे आहेत, सोडू नका.

हे सगळे पैसे "कपात" असेल तर. तुम्ही राजीनामा लिहून दिला तर यातली भरपाई नाही, निधी नाही, फक्त ग्रॅच्युइटी आणि पीएफ. म्हणून केबिनमध्ये बोलावून "सन्मानाने जा, रेकॉर्ड चांगलं राहील" असं कोणी म्हटलं की पाणी प्या आणि बाहेर या. सही घरी विचारून करतो म्हणा. कपात करताना त्या कॅटेगरीत जो शेवटी लागला तो आधी जातो हा नियम अजून आहे, आणि तुमच्या जागी वर्षभरात परत भरती केली तर आधी तुम्हाला विचारावं लागतं. कारखान्यात 300 किंवा जास्त कामगार असतील तरच कपातीला सरकारची परवानगी लागते, आधी ही मर्यादा 100 होती. हिंगण्यातले बहुतेक कारखाने 300 च्या खालीच येतात, त्यामुळे परवानगीच्या भरवशावर राहू नका.

प्रश्न : मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो. 80 च्या दशकात आम्ही कॉम्प्युटरविरुद्ध मोर्चे काढले, संविधान चौकात, तेव्हा आरबीआय चौक म्हणायचे, तिथे घोषणा दिल्या. आता नातू हसतो, म्हणतो आजोबा तुम्ही प्रगतीच्या आड आलात. खरंच आम्ही चुकलो का हो?

उत्तर : नातवाला म्हणा, आधी इतिहास वाच बेटा, मग हस.

विरोध फक्त तुमचाच नव्हता. 60 च्या दशकात कलकत्त्यात एलआयसीचा कॉम्प्युटर बसवायचा होता तर कर्मचारी रात्रंदिवस इमारतीवर पहारा देत होते, मशीन आत जाऊ नये म्हणून. केंद्र सरकारलाही विषय इतका गंभीर वाटला की अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली ऑटोमेशनवर समितीच नेमली, 1972 मध्ये तिचा अहवाल आला. आणि विरोध म्हणजे फक्त लाल झेंडा असंही नाही. संघविचाराच्या भारतीय मजदूर संघाने 1984 हे वर्ष संगणकीकरणविरोधी वर्ष म्हणून पाळलं. त्या संघटनेचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी आपल्याच वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे, नागपूरशी आयुष्यभराचा संबंध. डावे उजवे सगळे एका सुरात बोलत होते असे विषय या देशात बोटावर मोजण्याइतके, त्यातला हा एक.

आता चुकलात का? माझं मत असं आहे की तुम्ही कॉम्प्युटर थांबवू शकला नाहीत, पण त्याला कागदावर सही केल्याशिवाय आत येऊ दिलं नाही, आणि ते फार मोठं काम होतं. 1983 मध्ये बँक युनियन आणि आयबीए, म्हणजे बँकांच्या मॅनेजमेंटची संघटना, यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला, मर्यादित मशीनचा. मग एएलपीएम आल्या, आठवतात का त्या लेजर पोस्टिंगच्या मशीन, त्यावर बसणाऱ्याला स्पेशल अलाउन्स. बँकांच्या संगणकीकरणावरच्या रंगराजन समितीचा अहवाल 1984 चा. त्यानंतर हळूहळू, शाखा शाखा करत. या सगळ्यात कॉम्प्युटर आला म्हणून परमनंट क्लार्कला नारळ दिला असं झालं नाही. चाळीशीचा लेजर लिहिणारा माणूस माउस धरायला शिकला, त्याला तेवढी वर्षं मिळाली. ही वर्षं कोणी दान दिली नव्हती.

पण नातवाच्या बाजूनेही एक गोष्ट आहे आणि ती तुम्हाला आवडणार नाही. ज्यांना काढलं नाही त्यांची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली. क्लार्कची भरती आटत गेली, 2000-01 मध्ये सरकारी बँकांत व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, आली आणि लाखभर लोक बाहेर पडले, त्या जागा तशाच्या तशा भरल्या नाहीत. धरमपेठच्या क्लासमध्ये बँकिंगची तयारी करणारी जी पोरं आज बसलेली दिसतात, त्यांच्या वाट्याच्या खुर्च्या त्या काळात कमी झाल्या. ती पोरं तेव्हा शाळेत होती किंवा जन्मलीच नव्हती, युनियनची सभासद नव्हती, मग त्यांच्या वतीने टेबलावर बोलणार कोण होतं? हा प्रश्न मला आजही नीट सुटलेला नाही.

प्रश्न : माझे मिस्टर कंत्राटदाराकडे मीटर रीडिंगचं काम करतात. दर महिन्याला घरोघर जाऊन मोबाइलमध्ये मीटरचा फोटो काढायचा, घर बंद असलं की 'लॉक' अशी नोंद टाकायची. आता आमच्या भागात स्मार्ट मीटर लागू लागले, ते रीडिंग आपल्या आपण पाठवतात म्हणे. कंत्राटदार म्हणतो काही एरिया बंद होणार. युनियनचे लोक स्मार्ट मीटरविरुद्ध आंदोलन करून राहिले पण त्यांच्या पत्रकात आमचं नावच नसतं. मुलं लहान आहेत, मार्ग सांगा.

उत्तर : ताई, तुम्ही पत्रकाची गोष्ट लिहिली ती अगदी नेमकी आहे. स्मार्ट मीटरविरुद्धच्या आंदोलनात दोन मुद्दे जोरात असतात, ग्राहकाचं बिल वाढेल आणि खासगीकरण होईल. दोन्ही बोलायलाच पाहिजेत. पण ज्याची भाकरी सगळ्यात आधी जाते तो उन्हातान्हात जिने चढणारा रीडर, त्याचा मुद्दा पाचव्या सहाव्या नंबरवर, कारण तो कंत्राटी, वर्गणी देत नाही, निवडणुकीत मत नाही. टोल नाक्यावरही हेच झालं. फेब्रुवारी 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला, पावती फाडणारी पोरं कुठे गेली ते कोणी विचारलं का? लाइन कमी झाली म्हणून आपण सगळे खूश. मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू.

मार्ग म्हणाल तर आधी कागद बघा. मिस्टरांचा यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, चालू आहे का, कंत्राटदार खरंच पैसे भरतो का, ते मोबाइलवर पासबुकमध्ये दिसतं. ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड आहे का? असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना नावाची एक योजना आहे, काम गेलं तर सरासरी रोजच्या कमाईच्या 50 टक्के, जास्तीत जास्त 90 दिवस, आयुष्यात एकदा. त्याला किमान दोन वर्षं विमा असलेली नोकरी लागते, आणि काम सुटण्याच्या आधीच्या अंशदान काळात निदान 78 दिवसांचं अंशदान, म्हणजे विम्याची वर्गणी, भरलेलं पाहिजे. योजनेची मुदत सरकार मधून मधून वाढवत असतं, म्हणून आत्ताच ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारून ठेवा, काम गेल्यावर धावपळ नको. कंत्राटदाराने काढलं तरी नोटीस पगार आणि वर्षाला 15 दिवसांची भरपाई लागू होते, वर्षभर सलग काम असेल तर, फक्त ती मागावी लागते आणि कंत्राटदार दर दोन वर्षांनी नाव बदलतात तिथे गाडी अडते. म्हणून हजेरीचे मेसेज, रूट शीट, पगाराची एंट्री, कामाच्या ग्रुपचे स्क्रीनशॉट, सगळं जपून ठेवा.

आणि एक, स्मार्ट मीटर बसवायला, जुना काढायला, सिग्नल येत नाही तिथे जाऊन बघायला माणसं लागतातच. ते काम दुसऱ्या कंत्राटदाराकडे असतं, बाहेरून पोरं आणतात. आपल्या एरियातलं कोणतं मीटर कोणत्या जिन्याखाली आहे, कुठे कुत्रं आहे, कोण दुपारी दार उघडत नाही, हे तुमच्या मिस्टरांना पाठ आहे. सगळ्या रीडरनी मिळून एक निवेदन द्यावं की इन्स्टॉलेशनच्या कामात आम्हाला आधी घ्या. आयटीआयचा वायरमन कोर्स नसेल तर अडचण येईल, ती आतापासून बघा. युनियनच्या ऑफिसातही जा, पत्रकात नाव नाही म्हणून रुसून बसू नका, पंधरावीस जण एकदम गेले की नाव येतं.

प्रश्न : आमचे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. घरात सगळे म्हणतात मशीन आल्या आणि मिल गेली. खरं आहे का?

उत्तर : उलटं आहे राजे हो! एम्प्रेस मिल उभीच राहिली ती नव्या मशीनवर. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला मिल सुरू केली, आणि विलायतेत म्यूल हे सूत कातायचं जुनं यंत्र चालत होतं तेव्हा इथे रिंग स्पिंडल ही नवी चाती लावून पाहिली, देशात अगदी सुरुवातीच्यांपैकी. आगीसाठी स्प्रिंकलर, हवेत ओलावा ठेवायला ह्युमिडिफायर, आणि कामगारांसाठी 1886 मध्ये पेन्शन फंड, ज्या काळात कायद्याने यातलं काहीही द्यावं लागत नव्हतं. मालक फार देव होता असं माझं म्हणणं नाही, त्याला माणसं टिकवायची होती, नागपुरात तेव्हा गिरणीत रोज यायची सवय कोणाला नव्हती. पुढे रामभाऊ रुईकरांसारख्या नेत्यांनी इथल्या गिरणी कामगारांची संघटना बांधली, ते आयटक या देशभरातल्या कामगार महासंघाचे अध्यक्षही झाले, एवढं वजन होतं नागपूरच्या कामगारांचं.

मिल मरायला टेकली ती शेवटच्या काही दशकांत, जेव्हा मशीन बदलल्याच नाहीत. पॉवरलूमचं कापड स्वस्त, गिरणीचं महाग, तोटा, मग 1986 मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि 2002 मध्ये बंद झाली. आता तिथे मॉल आहे. आणि पॉवरलूम म्हणाल तर त्याने इकडे गिरणीला घेरलं आणि तिकडे गोळीबार चौक, तांडापेठ, मोमिनपुऱ्यातल्या हातमागवाल्यालाही. तेव्हा "मशीनने खाल्लं" म्हणताना कोणती मशीन, कोणाच्या मालकीची, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रश्न : बुटीबोरीतल्या एका कारखान्यात युनियनचा पदाधिकारी आहे. पॅकिंगला ऑटोमॅटिक लाइन आणि पॅलेटायझर, म्हणजे बॉक्स रचणारी मशीन, येणार. सभासद म्हणतात कडक विरोध करा, मॅनेजमेंट म्हणते विरोध केला तर नवीन प्लांट दुसऱ्या राज्यात टाकू. मधल्या मधे मी सापडलो. मागावं तरी काय?

उत्तर : तुमच्यासारख्याच पेचात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे गोदी कामगार सापडले होते, 1960 च्या आधी. त्यांचा पुढारी हॅरी ब्रिजेस, पक्का लढाऊ माणूस, 1934 चा मोठा संप त्याने चालवलेला. त्याने पाहिलं की कंटेनर आणि क्रेन येणारच, आपण दर वेळी एकेका मशीनवर भांडतो आणि हरतो. मग युनियनने 1960 मध्ये करार केला की मशीन आणा, पण नोंदणी असलेल्या एकाही कामगाराला मशीनमुळे घरी पाठवायचं नाही, काम कमी पडलं तरी ठरलेल्या तासांचा पगार, लवकर निवृत्त व्हायचं असेल त्याला रक्कम, आणि या सगळ्यासाठी मालकांनी वर्षाला 50 लाख डॉलर फंडात टाकायचे. म्हणजे मशीनमुळे जो पैसा वाचतो त्यातला हिस्सा आधीच लिहून घेतला. मला हा करार आवडतो कारण त्यात रडणं नाही, हिशोब आहे.

पण पूर्ण गोष्ट सांगितली पाहिजे. ज्यांची पक्की नोंदणी नव्हती, दुसऱ्या यादीतले लोक, ते संरक्षणाच्या बाहेर राहिले. मशीनची बचत मालकांना वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त निघाली आणि फंड तेवढाच राहिला. खदखद वाढत वाढत 1971 मध्ये संप झाला, शंभरापेक्षा जास्त दिवस चालला. यातून तुमच्या कामाचं एवढंच की आकडा ठरवून घेऊ नका, टक्का ठरवा. लाइन लागल्यावर प्रति शिफ्ट किती बॉक्स निघतात, आधी किती निघत होते, फरकाचा अमुक हिस्सा कामगारांकडे, आणि दर वर्षी तपासणी. मॅनेजमेंट म्हणेल आकडे गोपनीय आहेत. मग तुमचे लोक शिफ्टला काउंटर वाचतात ना, डायरीत लिहायला सांगा आजपासून.

मागणीत काय काय टाकायचं ते तुम्हाला मी शिकवावं असं नाही, पण दोन गोष्टी लोक विसरतात म्हणून सांगतो. एक म्हणजे स्पीड. पॅलेटायझरच्या पुढे जो माणूस उरतो त्याला मशीनच्या वेगाने हात चालवावा लागतो, पंधरा दिवसांत मनगट आणि कंबर बोलू लागते. लाइनचा वेग युनियनशी बोलल्याशिवाय वाढवायचा नाही हे लिहून घ्या. दुसरं म्हणजे कंत्राटी. पॅकिंगला तुमच्याकडे निम्म्याहून जास्त कंत्राटी असणार, सगळीकडे असतात, बाया जास्त. परमनंटला वाचवायचं आणि पहिल्या तडाख्यात त्या बायांना जाऊ द्यायचं, हा सौदा मॅनेजमेंट नक्की पुढे करेल. घेऊ नका. माणुसकी आहेच, पण नवीन संहितेत, एकापेक्षा जास्त युनियन असल्या तर, 51 टक्के सभासद असलेल्या युनियनलाच एकटीला बोलणीचा हक्क आहे. परमनंट दर वर्षी निवृत्त होऊन राहिले, भरती नाही, आणि पाच वर्षांनी तुमच्याकडे ना टक्का राहील ना ऑफिसचं भाडं द्यायला वर्गणी.

संपाचं म्हणाल तर आता कुठल्याही कारखान्यात 14 दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या लोकांनी ठरवून एकाच दिवशी कॅज्युअल रजा टाकली तरी तो संपच धरतात. ही जुनी युक्ती गेली. दुसऱ्या राज्याच्या धमकीबद्दल, ती प्रत्येक करारात येते, जमीन, वीज, पाण्याचं कनेक्शन इथे आहे ते बॅगेत भरून नेता येत नाही, फार घाबरू नका. पण पुढच्या विस्ताराचं खरंच सांगता येत नाही, तिथे थोडं जपून.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलं की भारतातल्या 69 टक्के नोकऱ्या रोबोट खाणार, जागतिक बँकेने सांगितलं. खरं का?

उत्तर : आकडा 2016 चा आहे आणि जागतिक बँकेचाच आहे, पण तो तांत्रिकदृष्ट्या काय शक्य आहे याचा अंदाज होता, काय होणार याचा नाही. मजुरी स्वस्त असली तर मालक मशीन घेत नाही, हे साधं गणित त्यात धरलेलं नव्हतं. अमेरिकेतल्या 47 टक्क्यांचा पण असाच एक आकडा फिरतो, 2013 च्या ऑक्सफर्डच्या अभ्यासाचा, त्यानंतर तीन वर्षांनी दुसऱ्या अभ्यासकांनी नोकरीऐवजी नोकरीतली एकेक कामं मोजली तर विकसित देशांसाठी सरासरी 9 टक्के निघाले. फॉरवर्ड करणाऱ्याला हे पाठवा, तो वाचणार नाही पण गप्प बसेल.

प्रश्न : वडील सिलेवाऱ्याच्या खाणीत लोडर होते, टोपलीने कोळसा भरायचे. आता तिथे सगळं मशीनवर. मी आयटीआय करून राहिलो, कोळसा खाणीत भविष्य आहे का?

उत्तर : कोल इंडियात एकेकाळी सहा लाखांच्या वर माणसं होती, आता अडीच लाखांच्या खाली आहेत, आणि कोळसा मात्र कितीतरी पटीने जास्त निघतो. भूमिगत खाणीत टोपलीची जागा एसडीएल आणि एलएचडी या कोळसा भरणाऱ्या मशीननी घेतली, तुमच्या वडिलांना विचारा, छत कोसळायची भीती किती होती तेव्हा, मशीन आली म्हणून हळहळणारे लोडर मला फार भेटले नाहीत. पक्क्या कामगारांचं युनियनने सांभाळलं, लोडरला टाइम रेटवर, म्हणजे भरलेल्या मालाऐवजी दिवसाच्या पगारावर, घेतलं, वेज बोर्डाचा पगार दिला. पण माती हटवायचं काम ठेक्यावर गेलं आणि तिथला डंपर ड्रायव्हर त्याच खड्ड्यात वेगळ्या पगारावर. त्याच्यासाठी ठेका कामगारांच्या हाय पॉवर कमिटीचे मजुरीचे दर ठरलेले आहेत, ते बरोबर मिळतात का हा वेगळा विषय आहे. तुम्ही इलेक्ट्रिशियन किंवा फिटर असाल तर चांगलं, मशीन दुरुस्त करणाऱ्याला मागणी राहते. मायनिंग सरदारचं, म्हणजे खाणीतल्या सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्याचं, सर्टिफिकेट डीजीएमएस या खाण सुरक्षा खात्याकडून मिळवता आलं तर आणखी चांगलं, ते पद कायद्याने ठेवावंच लागतं.

प्रश्न : मी नागपूरच्या मिहानमध्ये एका आयटी कंपनीत सपोर्टला आहे. आमच्या टीमचं निम्मं काम एआय बॉटकडे गेलं, परवा दोघांना मीटिंगला बोलावलं आणि संध्याकाळपर्यंत त्यांचे राजीनामे झाले. आम्ही युनियन करू शकतो का? सगळे म्हणतात आयटीवाल्यांना युनियन चालत नाही.

उत्तर : चालते. सात जण नोंदणीचा अर्ज करू शकतात, फक्त तिथल्या कामगारांपैकी 10 टक्के किंवा 100, यातलं जे कमी असेल तेवढे सभासद लागतात. अडचण एकच, पदनाम. तुमच्या कार्डावर "लीड" किंवा "मॅनेजर" असलं आणि पगार 18,000 च्या वर असला की कंपनी म्हणते हा सुपरवायझर, कामगार नाही. पण कायदा पदनाम बघत नाही, काम बघतो. दिवसभर तिकीट, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी, बंद करता, कोणाची रजा मंजूर करत नाही, कोणाला कामावर घेत नाही की काढत नाही, तर तुम्ही कामगारच. जुलै 2025 मध्ये टीसीएसने जवळपास 12,000 लोक कमी करणार म्हणून जाहीर केलं तेव्हा आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटना केंद्रीय कामगार मंत्रालयापर्यंत गेल्या, तेव्हा अगदीच कोणी नाही असं नाही.

आणि एआयवर करार होऊ शकतो, हॉलिवूडच्या पटकथा लेखकांनी 2023 मध्ये 148 दिवस संप करून तो करून घेतला. एआयने लिहिलेलं ते लेखन धरायचं नाही, आणि लेखकावर एआय वापरायची सक्ती नाही. त्यांच्याकडे तयार, जुनी, पैसे असलेली युनियन होती, तुमच्याकडे सध्या एक चहाची टपरी आहे. सुरुवात तिथूनच करा, पण कंपनीच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या चॅटवर, कंपनीच्या वायफायवर यातलं एक अक्षर टाइप करू नका.

त्या दोघांना सांगा की राजीनामा दबावाखाली घेतला असं आजच्या आज स्वतःच्या मेलवरून एचआरला कळवा, मीटिंग किती वाजता होती, कोण कोण होतं, काय म्हटलं, सगळं तारीखवार. फुल अँड फायनलचे पैसे खात्यात येऊ द्या पण "कोणतीही तक्रार नाही" या कागदावर सही करायच्या आधी एखाद्या वकिलाला दाखवा. आणि तुमचा नंबर लागला तर मीटिंगला जाण्याआधी सॅलरी स्लिप, अपॉइंटमेंट लेटर, अप्रेझल हे सगळं स्वतःच्या मेलवर काढून ठेवलेलं असू द्या, कारण तुम्ही केबिनमधून बाहेर येईपर्यंत लॉगिन बंद झालेलं असतं.